डी बीअर्स सरकारांना राहुरीहून साष्टांग दंडवत

प्रति,
श्रीमंत डी बीअर्स कंपनी सरकार,
मुक्काम लंडन, मूळ गाव किंबर्ली, दक्षिण आफ्रिका



पत्र राहुरीहून लिहितो आहे. राहुरी म्हणजे जिल्हा अहिल्यानगर, ज्याला आमच्या एसटीचा कंडक्टर अजून नगरच म्हणतो. आपली आमची ओळख नाही, पण माझ्या पुतण्याच्या साखरपुड्यात सगळ्यात मोठा शब्द आपला आहे. मुलीच्या मामांचासुद्धा एवढा चालत नाही. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांना लिहावं तसं आपल्याला लिहितो. चूकभूल द्यावी घ्यावी.

आधी आभार. आपण नव्हता तेव्हा आमच्याकडे लग्नं कशी ठरायची ते आठवलं की शरमेनं मान खाली जाते. चार पाहुणे यायचे, मुलीला पाटावर बसवायचं, कुंकू लावायचं, साडी-चोळी, ओटी, हातात साखरेचा पुडा, मग पंगत. झालं. साखरसुद्धा घरची. सहकारी कारखाना कसा चालवतात ते देशाला आमच्या प्रवरानगरनं 1950 साली दाखवलं. पुड्याभर साखरेवर ठरलेले ते संसार पन्नास-पन्नास वर्षं टिकले, ते निव्वळ अडाणीपणामुळे. बोटात दगड नसला तर प्रेमाचा पुरावा उरत नाही, हे त्या बिचाऱ्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

ते सांगायला आपण 1938 साली निघालात. मंदीचे दिवस, हिऱ्याला उठाव नाही. आपले हॅरी ओपनहायमर साहेब अमेरिकेत गेले आणि एन. डब्ल्यू. आयर या जाहिरात कंपनीला त्यांनी हाताशी धरलं. आयरवाल्यांनी नटनट्यांच्या बोटांत हिरे घातले, वर्तमानपत्रांना त्यांच्या गोष्टी पुरवल्या. एवढंच नाही, शाळांमधून व्याख्यानं ठेवून कोवळ्या पोरींना हिऱ्याच्या अंगठीचं महत्त्व समजावलं. गावोगावी जाऊन लोकांना स्वच्छतेचं महत्त्व सांगणारे गाडगेबाबा आमच्याकडे होऊन गेले. तिकडे हिऱ्याचं सांगणारे आपण झालात. ज्याचं त्याचं लोकशिक्षण.

मग 1947 साली आयरमधल्या फ्रान्सिस गेरेटी नावाच्या बाईंनी रात्री उशिरा एक ओळ खरडली. हिरा म्हणजे कायमचा. आमच्याकडे ती 'हीरा है सदा के लिए' अशी हिंदीतून आली आणि ऐश्वर्या रायच्या 'नक्षत्र' दागिन्यांबरोबर पार वाडी-वस्तीवरच्या टीव्हीपर्यंत पोचली. गेरेटीबाईंनी स्वतः शेवटपर्यंत लग्न केलं नाही. माल जवळून पाहिलेला माणूस सावध असतो, एवढंच म्हणतो.

त्या ओळीवर आम्ही भाळलो, कारण आम्हाला वाटलं ती नवरा-बायकोबद्दल आहे. ती आपल्या गोदामाबद्दल होती, हे कळायला आम्हाला फार उशीर लागला. लोकांच्या कपाटांत आजवर जेवढे हिरे जाऊन बसलेत, त्यातला थोडासा हिस्सा जरी परत बाजारात आला, तरी भाव खाली येणार. तेव्हा तो येऊ नये, बाईनं तो विकू नये, विकायचा विचारही तिला पाप वाटावा, यासाठी 'कायमचा'. अहो, केवढी ही दूरदृष्टी! गिऱ्हाइकानं घेतलेला माल मरेपर्यंत सांभाळायचा, म्हणजे दुकानदाराच्या नव्या मालाला स्पर्धा नाही. आमचा व्यापारी कांदा एकदा घेऊन गेला की पुढच्या वर्षी नवा कांदा लागतोच. पण ही सांभाळायला लावायची युक्ती आमच्या डोक्यात कधी आली नाही. आम्ही कांदाच टिकवायला बघत बसलो.

आता एक प्रसंग सांगतो, आपल्याला आवडेल. मध्यंतरी ऊस जाऊन पहिली उचल आली नव्हती आणि विहिरीवरची मोटार जळाली. वहिनी आपली अंगठी घेऊन गावातल्या पतसंस्थेत गेल्या, सोनेतारणाला. मी सोबत होतो. ही अंगठी त्यांच्या मुंबईच्या भावानं दिलेली, वर आपला हिरा. आमच्या सगळ्या भावकीत तेवढा एकच. मूल्यनिर्धारक सराफानं अंगठी कसोटीवर घासली, रेघेवर आम्लाचा थेंब सोडला, काट्यावर ठेवली आणि फॉर्म भरायला घेतला. ग्रॉस वजन लिहिलं. खाली 'खडा वजा' असं लिहून एक आकडा टाकला. त्याखाली नेट. कर्ज नेटवर.

वहिनी म्हणाल्या, "अहो, हिरा आहे तो. खडा काय लिहिताय?"

सराफानं चष्म्यावरून बघितलं. "ताई, हिरा असो नाहीतर काच. आमच्याकडे रकाना एकच आहे."

बरं, वजा केलेला आकडा हिऱ्याच्या खऱ्या वजनापेक्षा जास्तच होता. खडा काढून तोलता येत नाही, मग अंदाज सावकाराच्या बाजूनं धरतात. म्हणजे आपल्या रत्नाची किंमत पतसंस्थेत शून्य नाही, शून्याच्याही खाली आहे. त्याच्यामुळे सोनं कमी भरलं. यात पतसंस्थेचा दोष नाही. कर्ज सोन्यावर द्यायचं असतं, खड्यावर नाही, हा नियमच आहे. पण वहिनी घरी येईपर्यंत काही बोलल्या नाहीत. आल्यावर म्हणाल्या, "त्यापेक्षा भावानं वेढणं दिलं असतं तर पंप तरी बरा आला असता."

सरकार, आमच्या जिल्ह्यात दागिना ही पळून जाणारी वस्तू आहे, आणि तेच तिचं कौतुक आहे. सोनं घरात येतं ते कधीतरी बाहेर जाण्यासाठीच. दुष्काळात जातं, पोराच्या फीला जातं, दवाखान्याला जातं, बरे दिवस आले की सोडवून परत येतं. मोड घातली तर सराफ घडणावळ बुडवतो, थोडी घट धरतो, पण उरलेल्याचा भाव वर्तमानपत्रात छापलेला असतो. आपल्या हिऱ्याचा मोडीचा भाव कुठल्या पेपरात येतो ते कृपया कळवावं, आम्ही वर्गणी भरू.

तरीही पुतण्या हट्टाला पेटला. पुण्याला कंपनीत असतो. मित्रांच्या साखरपुड्याचे व्हिडिओ बघून त्याचं डोकं फिरलं, गुडघ्यावर बसून अंगठी घालणार म्हणे. आमचे गुडघे दत्ताच्या पारावरसुद्धा दुखतात, असो. मला घेऊन गेला नगरला, सावेडीतल्या एका मोठ्या शोरूममध्ये. गार हवा, गार पाणी, मग कॉफी. काळ्या मखमलीच्या ट्रेमध्ये अंगठ्या, वरून पांढरा लखलखीत दिवा. त्या दिव्याखाली आमच्या बैलाची झूलसुद्धा नक्षत्रासारखी दिसली असती. तिथल्या विक्रेत्या ताईंनी आम्हाला कट, कलर, क्लॅरिटी, कॅरेट शिकवलं. मग तीस सेंटचा एक दाणा चिमट्यानं उचलून माझ्या तळहातावर ठेवला. तीस सेंट म्हणजे साठ मिलीग्रॅम. शपथेवर सांगतो, मला तो तिथे आहे हे बघितल्याशिवाय कळलं नाही.

"परत द्यायचा झाला तर?" मी विचारलं.

"एक्स्चेंजला बेस्ट व्हॅल्यू मिळेल, सर."

"आणि रोख?"

ताई गोड हसल्या. "पॉलिसी विचारून सांगते." आणि पुतण्याकडे वळून, "सरांचं पॅकेज काय आहे?"

मी चमकलो, पण तो हिशेबही आपलाच निघाला. 1980 च्या दशकात आपण अमेरिकन नवरदेवाला सांगितलंत की अंगठीला दोन महिन्यांचा पगार लावावा. जपान्यांना तीन महिन्यांचा. जपानमध्ये 1967 साली मोहीम सुरू केलीत तेव्हा शंभरातल्या पाच नवऱ्या मुलींनाही हिऱ्याची अंगठी मिळत नव्हती. 1981 पर्यंत साठेक जणींना मिळायला लागली. चौदा वर्षांत अख्ख्या देशाची रीत बदलली. आमच्या समाजसुधारकांना हुंडा बंद करायला शंभर वर्षं पुरली नाहीत. एखादं शिबिर राहुरीत घ्या, फी देऊ.

फक्त आमच्याकडचा पगार कसा धरायचा, तेवढं सांगा. पुतण्याचा महिन्याचा आहे, पण घरचा सगळा हिशेब उसाच्या उचलीचा आणि वांबोरीच्या कांदा मार्केटचा. दोन महिन्यांचा पगार म्हणजे कांदा चढा असतानाचे दोन महिने धरायचे, की रस्त्यावर ओतला ते?

या सगळ्यात एकच माणूस शांत होता, ती म्हणजे होणारी सून. मुलगी संगमनेरची, इथल्याच कृषी विद्यापीठातून मृदाशास्त्र शिकलेली. ती म्हणाली, मला हिरा नको, निळा खडा द्या, नीलम. काठिण्य हिऱ्याचं दहा, नीलमचं नऊ, भांडी घासली तरी ओरखडा उठत नाही. रंग डोळ्यांना बरा वाटतो, आणि त्याच पैशात खडा मोठा येतो. पुतण्या गांगरला. मग तिनंच त्याला सांगितलं, की 1981 साली इंग्लंडच्या डायनानं सिलोनच्या बारा कॅरेटच्या नीलमची अंगठी निवडली आणि 2010 मध्ये तीच तिच्या सुनेच्या बोटात गेली. राजघराण्याचं नाव निघाल्यावर पुतण्या विरघळला.

पण घरातल्या वडीलधाऱ्या आक्का उठून बसल्या. "नीलम? शनीचा खडा? साखरपुड्यात?"

सरकार, हा आमच्या जिल्ह्याचा प्रश्न आहे, आपल्याला समजायचा नाही. शनिशिंगणापूर आमच्या शेजारी. तिथं घरांना दारं न लावण्याची रीत, कारण राखणीला शनी आहे. अशा देवाचा खडा बोटात घालायचा म्हणजे थट्टा नाही. लागला तर राजा, नाही लागला तर रस्त्यावर. म्हणून आमच्यात नीलम आधी तीन रात्री उशाखाली ठेवून बघतात. स्वप्नं वाईट पडली तर सराफाला परत. आणि सराफ घेतो! शनी महाराजांच्या खड्याला परताव्याची सोय आहे, आपल्या हिऱ्याला नाही. शनीसुद्धा आपल्यापेक्षा दिलदार निघाला.

खरं म्हणजे हिराही नवग्रहांतलाच, शुक्राचा. एके काळी तोही पत्रिका बघूनच घालायचे, ज्याला त्याला चालत नसे. आपण सगळ्या राशींना एकदम मोकळं केलंत. एवढी मोठी ग्रहशांती कुठल्याही गुरुजींना जमली नाही, तीही दक्षिणा आधी घेऊन.

मी भोळा नाही, नीलमवाल्यांनाही ओळखून आहे. बहुतेक नीलम भट्टीत तापवून रंग खुलवलेला असतो. स्वस्त माणकाच्या भेगांत काच भरलेली असते. तिथंही प्रमाणपत्र मागावं लागतं आणि नीलमही पतसंस्थेच्या त्याच रकान्यात वजा होतो. पण पुण्याच्या जाहिरातीत कुणी मला नीलम न घेतल्याबद्दल नालायक नवरा ठरवत नाही, एवढा फरक आहे.

आपल्या कारखान्यातल्या हिऱ्यांबद्दलही कौतुकाचे दोन शब्द लिहिले पाहिजेत. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा आपण विकणार नाही, असं आपण वर्षानुवर्षं ठणकावून सांगितलंत. मग 2018 साली 'लाइटबॉक्स' काढून तोच कॅरेटला 800 डॉलरनं विकायला बसलात. 2024 मध्ये तो बनवणं थांबवलंत, 2025 मध्ये दुकानच गुंडाळत असल्याचं जाहीर केलंत. कायमचा शब्द किती वर्षांचा असतो ते यावरून आम्हाला नीट कळलं. तिकडे 2023 साली आमच्या पंतप्रधानांनी अमेरिकेच्या अध्यक्षांच्या पत्नींना साडेसात कॅरेटचा हिरवा हिरा दिला, तोही प्रयोगशाळेतलाच. म्हणजे व्हाइट हाउसला चालतो, पण राहुरीच्या पोरानं घेतला तर प्रेमात खोट. आणि नगरच्या बाजारात 'अमेरिकन डायमंड' म्हणून जी चकाकी दोनशे रुपयांत मिळते, ती बनवायची रीत मॉस्कोतल्या संस्थेनं 1970 च्या दशकात बसवली. तिचं नाव कुणी ठेवलं असेल? आपल्याच धंद्यातला माणूस असणार, उगाच नाही.

आता आमच्या घरच्या रत्नाबद्दल. आपल्याला ठाऊक नसेल, पण 2001 साली राहुरीजवळ मोमीन आखाड्याला विहीर खोदताना काळ्या पाषाणात पोकळी लागली आणि तिच्यात हिरवेगार, चेंडूसारखे गोल जमलेले स्फटिक निघाले. अपोफिलाइट. दिव्याखाली धरले की हजार बाजूंनी चमकायचे, म्हणून जगभरचे खनिजवेडे त्यांना 'डिस्को बॉल' म्हणतात. हिरवा रंग व्हॅनेडियमचा. दगड आमच्याच काळ्या कातळातला, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याच्या बुडबुड्यांत वाढलेला. परदेशातल्या संग्राहकांनी तो काचेच्या कपाटात ठेवला आणि खाली आमच्या तालुक्याचं नाव लिहिलं. आम्ही हिऱ्यापोटी गारगोटी म्हणत बसलो होतो, त्या गारगोट्या विमानानं गेल्या.

नवरीला मी हा खडा सुचवून पाहिला. ती हसली. म्हणाली, नाना, याचं काठिण्य पाचसुद्धा नाही, पापुद्र्यानं सुटतो, आणि सोनाराच्या ज्योतीत यातलं पाणी उडून जाईल. हा बोटात घालायचा नाही, बघायचा. इतकं खरं बोलणारा माणूस आपल्या विक्री खात्यात एक जरी असता!

आणि हिऱ्यांच्या बाबतीत नगर अगदीच कोरं नाही बरं का. हुमायूननं इराणच्या शाह तहमास्पला बाबराचा तो प्रसिद्ध हिरा दिला होता. अख्ख्या जगाच्या अडीच दिवसांच्या जेवणाएवढी त्याची किंमत, असं म्हणत. त्या काळच्या इतिहासकारानं लिहून ठेवलंय की शहाला त्याचं तेवढं काही वाटलं नाही. त्यानं तो दूताबरोबर थेट नगरच्या बुऱ्हाण निजामशहाला नजराणा म्हणून पाठवून दिला. दूतानं तो पोचवलाच नाही, अशीही एक हकीकत आहे. आपली जाहिरात यायच्या चारशे वर्षं आधी जगातला नामांकित हिरा नगरला निघाला आणि नगरकरांच्या हाती लागला नाही, तरी निजामशाही आणखी नव्वद वर्षं चालली. आमचं हिऱ्यावाचून भागतं, हा अनुभव जुना आहे.

आपलं नाव ज्या दोन भावांवरून पडलं, ते डी बीअर बंधूही आमच्यासारखे शेतकरीच. त्यांच्या जमिनीत हिरे निघाले, गर्दी आवरेना, तेव्हा 1871 मध्ये त्यांनी शेत सहा हजारांवर पौंडांना विकलं आणि निघून गेले. त्या शेतातून पुढे काय निघालं ते आपल्या ताळेबंदात आहेच. भावांना मिळालं ते बोर्डावरचं नाव. सातबाऱ्यावरून नाव जाऊन बोर्डावर लागणं म्हणजे काय, हे समृद्धी महामार्गात जमीन गेलेल्या आमच्या कोपरगावकडच्या लोकांना विचारा.

2004 साली औद्योगिक हिऱ्यांचे भाव संगनमतानं ठरवल्याचं आपण अमेरिकेतल्या कोर्टात कबूल केलंत आणि एक कोटी डॉलर दंड भरलात. ते मी इथं काढत नाही. साखरपुड्याच्या पत्रात कोर्टकचेरी नको.

पण एक बातमी वाचून जीव कळवळला. मे 2024 मध्ये आपल्या मालकांनी, अँग्लो अमेरिकननं, आपल्याला विकायला काढल्याचं जाहीर केलं. पुढच्या फेब्रुवारीत त्यांच्या वहीतली आपली किंमत 2.9 अब्ज डॉलरनी उतरवली. म्हणजे हिरा सदासाठी, आणि हिरेवाला विकाऊ. अहो, विकायचं नसतं ना हे! भावना गुंतलेल्या असतात. पिढ्यान्‌पिढ्या सांभाळायचं असतं. मालकांनी आपली जाहिरात बघितली नाही का?

असो, वेळ कुणावरही येते. साखरपुडा संगमनेरला आहे, अंगठीत नीलम ठरला, तीन रात्री आक्कांच्या उशाखाली काढून झाल्या, स्वप्नात त्यांना फक्त त्यांचे मोठे दीर दिसले, ते वाईट धरायचं की नाही यावर चर्चा चालू आहे. आपण सहकुटुंब यावं. येताना कंपनीची कागदपत्रं सोबत आणलीत तर दुसऱ्या दिवशी आमच्या पतसंस्थेत जाऊ. सराफ ओळखीचा आहे. ग्रॉस धरेल, खडे वजा करेल आणि जे काही नेट उरेल त्यावर रीतसर पावती देईल.

कळावे. लोभ आपला आहेच, तो आता आवरावा ही विनंती.

आपला नम्र,
नवरदेवाचा नाना
राहुरी